वजनाची वही: भोसरीच्या शेडमधली दोन सीटांची गाडी

१५ जानेवारी २०२३

भोसरीतल्या शेडचा मागचा कोपरा मिळाला. मित्राचा प्रेस-पार्ट्सचा धंदा आहे, दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी कोपरा आमचा. भाडं नको म्हणाला, गाडी झाली की पहिल्यांदा चालवणार मात्र तो. परवडलं.

बांधायची ती लोटस सेव्हन या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारच्या वळणाची. पुढे इंजिन, मागच्या चाकांना जोर, दोन सीटा, दारं नाहीत, छप्पर नाही. लोटसच्या कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये ती बाजारात आणली आणि इंग्लंडात ती बरीचशी सुट्या भागांच्या खोक्यांतून विकली गेली, कारण घरी जोडलेल्या गाडीवर तिथला खरेदी कर पडत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती गंमत संपली. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले. केटरहॅम ती आजही विकते, हवी तर खोक्यांतून. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या तिथल्या एका शाळामास्तरांनी चौकोनी पाईप आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं सामान वापरून अशीच गाडी घरी कशी बांधायची, ते लिहून काढलं. तेव्हापासून घरगुती सेव्हनला लोकॉस्ट म्हणतात. आमची त्याच कुळातली.

कायद्याचं आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा कुणी विचारायला नको. इंग्लंडात हौशी माणसानं बांधलेल्या एकट्या गाडीचीही तपासणी होते, आयव्हीए म्हणतात तिला. कडा बोथट आहेत का, आवाज किती, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी तर दाखवत नाही ना, हे सगळं बघतात. पास झाली की नंबर मिळतो. आपल्याकडे तसं दारच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम उत्पादकासाठी आहे: नमुना गाडी एआरएआयसारख्या संस्थेकडे द्या, चाचण्या करून घ्या, मग विका. एका गाडीसाठी तो खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जुन्या गाडीच्या आरसीवर नवी चॅसी (गाडीचा सांगाडा) घुसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. ते 'करून देणारे' भेटतात, आपल्याला करायचं नाही. तेव्हा ही गाडी ट्रॅकपुरती. टेम्पोत चढेल, टेम्पोतून उतरेल.

रस्त्यावर फिरवायचीच असती तर अलिबागजवळ कार्लेखिंडीला चिंकारा मोटर्सनं केलेली रोडस्टर शोधली असती. फायबरची बॉडी, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, चेहरा थेट सेव्हनचा. कॉलेजात असताना मांडव्याच्या रस्त्यावर एक समोरून आली होती. तेव्हापासूनचं हे डोक्यात आहे.

५ फेब्रुवारी २०२३

इंजिन कुठलं, यावर आठवडाभर व्हॉट्सॲपवर रणकंदन. माझी अट सोपी होती. इंजिन गाडीच्या लांबीत बसणारं हवं, आडवं नव्हे, आणि जोर मागच्या चाकांना जायला हवा. म्हणजे स्विफ्ट, आल्टो, आय-टेन बाद. उरल्या प्रीमियरची जुनी ११८ एनई, काँटेसा, जिप्सी, ओम्नी आणि ईको. पहिल्या दोघींचं सामान आता हौशी लोकांच्या माळ्यावर आणि त्यांच्या भावात. जिप्सीला ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचं) लटांबर. ओम्नीत दम नाही. ईको गल्लोगल्ली आहे. ११९६ सीसी, ७३ पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), पाच गिअर, मागे कॉइल स्प्रिंगवर सलग ॲक्सल.

"दूधवाल्याच्या व्हॅनचं इंजिन स्पोर्ट्स कारला?" मित्र हसला. त्याला केटरहॅमची सेव्हन १६० दाखवली, २०१३ ची. सुझुकीचं ६६० सीसी टर्बो, ८० बीएचपी, गिअरबॉक्स सुझुकीचा, मागचा सलग ॲक्सलही सुझुकीचाच. वजन ४९० किलो. तिच्यानंतर २०२१ मध्ये आलेली १७० तर ४४० किलोची. खुद्द केटरहॅमला छोट्या सुझुकीचं सामान चालतं, मग आपण कोण नाक मुरडणारे?

हिशेब असा. ईको भरते नऊशे किलोच्या वर, म्हणजे दर टनाला ऐंशीसुद्धा पीएस नाहीत. तेच इंजिन ५५० किलोच्या गाडीत घातलं की दर टनाला १३३. इंजिनाला हात न लावता. सगळा खेळ वजनाचा आहे, म्हणून आजपासून वेगळी वही. जे गाडीत बसेल ते आधी काट्यावर, मग वहीत. लक्ष्य ५५० किलो, पेट्रोल-तेल-पाण्यासकट, ड्रायव्हर सोडून.

२६ फेब्रुवारी २०२३

ईको आली. पुढून ठोकलेली, विम्यात टोटल लॉस धरलेली. नाक पार गेलंय. पण या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, त्यामुळे त्याला ओरखडाही नाही. डोनर, म्हणजे सामान काढून घ्यायची गाडी, म्हणून अशीच हवी होती. आरसी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

उघडायला घेतली. वायरिंगचा प्रत्येक कनेक्टर सोडवण्याआधी मास्किंग टेप आणि मराठीत नाव: "डावा मागचा ब्रेकदिवा", "पंखा", "हे काय कळलं नाही". मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), चावी आणि इमोबिलायझर तिन्ही सोबतच ठेवायचे, एक जरी हरवलं तरी इंजिन बोलणार नाही. हार्नेसचं पूर्ण जाळं वजनाला भलतंच भरलं. दारं, एसी यांच्या तारा सोलून काढल्यावर जवळजवळ निम्मं उरलं. इंजिन स्टार्टर-अल्टरनेटरसकट शंभर किलोच्या आत. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे त्याचा हा फायदा.

१९ मार्च २०२३

पाईप. चॅसीला २५ बाय २५ चा चौकोनी पाईप, भिंत १.६ मिमी, म्हणजे सोळा गेज. दुकानदार शेठनं कौतुकानं ऐकलं आणि माणसाला सांगितलं, "साहेबांना दोन एमएमचा दे. गाडी बनवतायत." मी म्हटलं, शेठ, १.६ च हवा. "अहो, तेवढ्याच भावात देतो. गाडीला मजबूत नको?"

दोन मिमीच्या पाईपचा मीटर १.४ किलोच्या वर जातो, १.६ चा १.२ च्या आत राहतो. चॅसीत पन्नासेक मीटर पाईप जाणार. म्हणजे शेठच्या प्रेमापोटी बारा-तेरा किलो जास्त. व्हर्नियर सोबत नेला होता, प्रत्येक नग तोंडाशी मोजून घेतला. या पाईपचा खरा ग्राहक फर्निचरवाला आहे, सोळा गेज म्हणून सव्वा मिमीसुद्धा हातात येतो. जाडही नको आणि पातळ तर नकोच.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: जाड म्हणजे मजबूत नव्हे. हे पान बऱ्याच लोकांना दाखवावं लागणार असं दिसतंय.

१६ एप्रिल २०२३

चॅसी उभी राहिली. वेल्डर काका दिवसभर कंपनीचं काम करून संध्याकाळी आमच्याकडे येतात. आधी सगळं नुसतं टॅक केलं (तात्पुरते टाके देऊन जोडलं), मग कर्ण मोजले, मग पक्कं वेल्डिंग. तेही एका कोपऱ्यात एक टाका, की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात दुसरा. एकाच बाजूनं ओढत नेलं तर उष्णतेनं सगळा सांगाडा केळ्यासारखा वाकतो. काकांना हे सांगायची गरज पडली नाही. उलट त्यांनीच मला टेबलाला चॅसी कुठे कुठे धरून ठेवायची ते दाखवलं.

वाद झाला तो वेगळ्या गोष्टीवर. मूळ नकाशापेक्षा चार इंच रुंद चॅसी घेतली आहे, दोन मराठी माणसं शेजारी बसतील अशी. काकांना रुंदी बघून धास्ती वाटली. सांध्यासांध्याला त्रिकोणी पट्ट्या मारायच्या म्हणाले, पाच मिमीच्या.

"साहेब, हिसका बसल्यावर सांधा उघडला तर?"

"काका, सांध्याला वाकवणारा जोरच येऊ नये म्हणून तिरका पाईप टाकलाय."

"टाकलाय ना. मग पट्टीपण टाकू. असू द्या थोडं जास्तीचं."

शेवटी प्रयोग केला. इंजिनच्या जागेवरचा तिरका पाईप अजून पक्का व्हायचा होता. चॅसीचा मागचा भाग टेबलाला आवळला, पुढे आडवा दोन मीटरचा पाईप बांधला, एका टोकाला वजन लटकवलं आणि समोरच्या कोपऱ्याखाली डायल गेज लावला. तिरका पाईप काढून एकदा, घालून एकदा. काटा किती कमी हलला ते काकांनी स्वतः वाचलं. चौकट पिळवटते तेव्हा तिचा चौकोन तिरपा होतो. त्रिकोणाला तिरपं व्हायला वावच नसतो, त्याची बाजू ताणली किंवा दाबली जाते, आणि ताण-दाब सोसण्यात पातळ पाईप वाघ आहे. वाकवण्यात तो मार खातो. सेव्हनच्या चॅसीचा हळवा भाग इंजिनची जागा, कारण इंजिन वरून काढता-घालता यावं म्हणून तिथे वरचा भाग उघडा ठेवावा लागतो. तिथे दोन तिरके पाईप बोल्टनं काढता येतील असे केले. ही भर मला मान्य आहे, वहीत शाईनं लिहिली.

पट्ट्या रद्द. नुसती चॅसी ६१ किलो.

२१ मे २०२३

पुढचं सस्पेन्शन. सगळ्यात जास्त डोकं इथे गेलं.

ईकोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकचा एकच उभा खांब. स्ट्रट उंच असतो, सेव्हनचं नाक बुटकं. स्ट्रट ठेवला तर बॉनेटच्या वर हातभर शिंगं येतील. म्हणून दोन विशबोन, म्हणजे चाकाला धरणारे वर-खाली दोन आडवे त्रिकोणी दांडे. पण ईकोच्या नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) वरचा बॉलजॉइंट नाही, वर फक्त स्ट्रट धरणारे दोन बोल्ट आहेत. इंग्लंडातल्या लोकांपुढे फोर्ड सिएराचं सामान वापरताना हाच पेच होता. त्यांनी स्ट्रटच्या खोबणीत बसणारा छत्रीसारखा तुकडा टर्न करून त्यावर बॉलजॉइंट बसवला. आपल्याकडे खोबण नाही, दोन बोल्ट आहेत, म्हणून आम्ही त्याच दोन बोल्टांवर बसणारी ब्रॅकेट केली आणि तिच्या माथ्यावर बॉलजॉइंट. इथे पत्रा आठ मिमीचा. लेथवाले दादा म्हणाले, "एवढा जाड? तुम्हीच तर सगळीकडे पातळ पातळ करत होतात." बरोबर आहे. ही ब्रॅकेट तुटली तर चाक जातं. तिथे काटकसर नाही.

स्टीअरिंग रॅक ईकोचाच. त्याची उंची ठरवताना दोन दिवस फक्त मोजणं. चाक वर-खाली होताना टायरॉड (रॅकपासून चाकाला वळवणारा दांडा) आणि विशबोन वेगवेगळ्या कमानी काढतात. त्या जुळल्या नाहीत की खड्ड्यात चाक आपोआप वळतं आणि ड्रायव्हरला वाटतं स्टीअरिंग त्याचं ऐकत नाही. स्प्रिंग काढून ठेवले, हबवर सपाट पत्रा, पत्र्याला पुढे-मागे दोन डायल गेज, आणि जॅकनं चाक दहा-दहा मिमी वर. दोन्ही काटे बरोबर चालेपर्यंत रॅकखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालत राहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण गाडीचा स्वभाव इथेच ठरतो, इंजिनात नाही, असं माझं मत झालंय.

स्प्रिंगचा हिशेब: पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वरचं वजन माणसासकट साधारण ११० किलो. सेकंदाला १.८ हेलकावे धरले तर चाकापाशी १४ न्यूटन प्रति मिमी लागतात. शॉक तिरका आणि विशबोनवर आत बसल्यामुळे त्याचा प्रवास चाकाच्या सत्तर टक्के, आणि या आकड्याचा वर्ग करून त्यानं भागावं लागतं. म्हणून स्प्रिंग २८-२९ च्या आसपास. पुण्याजवळच एकानं कॉइलओव्हर (शॉकवरच स्प्रिंग बसवलेली जोडी) करून दिले. त्यानंही विचारलं, "थोडे कडक देऊ का?"

११ जून २०२३

रोल बार. इथे वही बंद. मुख्य कमान ४५ मिमी व्यासाची, २.५ मिमी जाडीची, कोल्ड ड्रॉन सीमलेस. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या नियमात हेच माप आहे आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. शिवणीचा पाईप इथे चालत नाही. वाकवणारा मँड्रेलचा (वाकवताना पाईपच्या आत आधार घालणारा) होता, आतल्या बाजूला सुरकुती आली नाही.

वजन वहीत लिहिलं, पण लाल शाईनं, म्हणजे यावर पुन्हा चर्चा नाही.

९ जुलै २०२३

पाऊस लागला आणि उघड्या चॅसीवर रातोरात तांबूस साय. घासून रेड ऑक्साइड मारला होता, पण सांध्यांच्या खाचेत ब्रश पोचत नाही. पावडर कोटिंगला पाठवली. त्याआधी रिव्हेटांची सगळी भोकं पाडून घेतली, म्हणजे नंतर ड्रिलनं रंग उडणार नाही. रंग राखाडी. काळा दिसतो छान, पण तडा गेलेला सांधा काळ्यावर लवकर दिसत नाही.

१० सप्टेंबर २०२३

इंजिन चॅसीत. जेवढं मागे सरकेल तेवढं सरकवलं. पाय ठेवायची जागा अरुंद झाली, बूट घालून तिन्ही पेडल मारता येत नाहीत, पातळ तळाचे शूज लागतील. ब्रेकचा बूस्टर काढून टाकला. एवढ्या हलक्या गाडीला पायाचा जोर पुरतो, त्याऐवजी पेडलचा टेकू बदलून दांड्याचं गुणोत्तर वाढवलं. मागच्या ड्रमच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह, कारण मागचं वजन आता व्हॅनसारखं उरलेलं नाही आणि मागची चाकं आधी अडकली तर गाडी तोंड फिरवते.

प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) कापून, पुन्हा जोडून, बॅलन्स करून आणला. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन सारखे हवेत. एक क्रॉस फिरताना वेगात जो हेलकावा आणतो तो दुसऱ्यानं खोडायचा असतो, आणि कोन वेगळे असले की तो खोडला जात नाही. शाफ्टवाल्या चाचांनी दोन्ही टोकांच्या यॉकचं (क्रॉस धरणाऱ्या चिमट्याचं) तोंड एका रेषेत आहे का, हे न सांगता तपासलं. अशा माणसांना दोन पैसे जास्त द्यावेत.

गिअर लिव्हरचं लिंकेज नव्यानं करावं लागलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. झालं.

२३ ऑक्टोबर २०२३, खंडेनवमी

शेडमध्ये हत्यारांची पूजा. प्रेस, लेथ, पाने, हातोड्या, आणि शेवटी आमचा सांगाडा. वेल्डर काकांनी झेंडूचा हार स्वतः घातला. मित्र म्हणाला, आज चालू करायचंच. पेट्रोल कॅनमधून, एक्झॉस्ट अर्धाच. चेक लाइट पेटलेला राहिला (गाडी हलतच नाही, तेव्हा स्पीड सेन्सरचा सिग्नल नाही, त्यामुळे असेल), पण इंजिन पहिल्या चावीला धरलं. शेजारच्या शेडमधले लोक आवाज ऐकून बघायला आले. एक्झॉस्टला पूर्ण मफलर लागणार यात शंका नाही.

हाराचं वजन वहीत लिहिलं नाही, याची मित्रानं नोंद घ्यायला लावली आहे.

१० डिसेंबर २०२३

ॲल्युमिनियमचा पत्रा लावून झाला. ४.८ मिमीचे रिव्हेट, मध्ये पीयू सीलंट. सीलंट फक्त गळती थांबवायला नाही. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यात पाणी शिरलं की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते, म्हणून दोघांना एकमेकांना शिवू द्यायचं नाही.

फायबरचं नाक आणि पुढचे मडगार्ड यांची गोष्ट मात्र लांबली. फायबरवाले दादा बसच्या बंपरांचं काम करतात. साचा सुंदर केला. प्लग (नाकाचा मूळ नमुना) घासून काचेसारखा, त्यावर वॅक्स, वर चिकटू नये म्हणून पीव्हीएचा थर, मग जेलकोट, मग काचेच्या धाग्यांची मॅट. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी पूर्ण मिसळायचं आणि हार्डनर नंतर. ही दोन द्रव्यं थेट एकमेकांत पडली तर पेट घेतात, म्हणून त्यांच्याकडे दोन्हीच्या बाटल्या खोलीच्या दोन टोकांना असतात. हे बघून मी निर्धास्त झालो.

नाक साच्यातून निघालं आणि उचलताना मनगटाला कळलं. मी ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर सांगितले होते. त्यांनी चार टाकले होते, कडेला पाच.

"दादा, दोन ठरले होते ना?"

"दोन टाकले असते तर बोटानं दाबल्यावर दबलं असतं, साहेब. लोक म्हणतील काय काम केलंय."

त्यांचं खोटं नाही. बसचा बंपर सहा वर्षं लोकांच्या लाथा खातो, आणि तिथे हेच काम उत्तम ठरतं. त्यांनी पैसेही जास्त मागितले नाहीत, दोन थरांच्याच भावात चार दिले. सगळीकडे हाच अनुभव येतोय. पाईपवाले शेठ, काकांच्या पट्ट्या, स्प्रिंग थोडे कडक, आता हे. कुणी फसवत नाही, उलट सगळे पदरचं घालतात. चांगुलपणाला नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं? हलकी गाडी बांधायचं खरं कसब तिथे आहे असं मला वाटायला लागलंय. वेल्डिंग बाहेरून करून घेता येतं, नाही म्हणणं आपलं आपल्यालाच करावं लागतं.

त्यांना ती वही दाखवली. पानं उलटून शांतपणे वाचली. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला दबलेलंच चालतं?" चालतं, म्हटलं. दोन थर, आणि जिथे नाक बोल्टला बसतं तिथे तेवढ्या भागात दोन जास्तीचे. नवं नाक जुन्याच्या निम्म्याहून थोडं जास्त भरलं. आता तेच दादा त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांना ते नाक एका हातावर तोलून दाखवतात.

४ फेब्रुवारी २०२४

वजनाचा दिवस. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या गूळ व्यापाऱ्याकडून चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले, सारखे. पाण्याच्या नळीनं चारही एका पातळीत आणले, खाली लोखंडी पत्र्याचे तुकडे घालून. टायरमध्ये हवा नेमकी, टाकीत अर्धं पेट्रोल.

रिकामी गाडी ५५६ किलो. लक्ष्यापेक्षा सहा किलो जास्त. वहीतली बेरीज ५४९ येते. मधले सात किलो कुठले, यावर मित्राचं म्हणणं सीलंट, माझं म्हणणं रंग. नट-बोल्ट मी मोजले होते.

मग ड्रायव्हरच्या सीटवर ७२ किलोच्या वाळूच्या पिशव्या. कोपऱ्यांचं वजन सुरुवातीला बेताल होतं. पुढचा उजवा आणि मागचा डावा मिळून ३३८, म्हणजे जवळजवळ ५४ टक्के एका कर्णावर. अशी गाडी एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला हट्ट करते. कॉइलओव्हरची कॉलर त्या कर्णावर थोडी खाली, दुसऱ्या कर्णावर तेवढीच वर, गाडी हलवून पुन्हा काट्यावर. टेबल डगमगतं तेव्हा दोन तिरके पाय जास्त भार घेतात, तसं हे आहे. शेवटचा आकडा: पुढे डावा १४९, उजवा १६०, मागे डावा १५३, उजवा १६६. कर्ण ४९.८ टक्के. पुढच्या चाकांवर ४९. व्हॅनच्या सामानातून आणखी काय पाहिजे?

व्यापाऱ्यानं काटे परत घेताना विचारलं, किती भरली? सांगितलं. "गाडी? साडेपाचशे?" त्याचा विश्वास बसला नाही.

२५ फेब्रुवारी २०२४

शेडच्या बंद आवारात पहिल्यांदा चालली. ठरल्याप्रमाणे मित्रानं चालवली. दुसऱ्या गिअरच्या वर जायला जागा नाही. ब्रेकचा व्हॉल्व्ह ओल्या काँक्रीटवर लावला: पुढची चाकं आधी अडकतील आणि मागची लगेच पाठोपाठ, इतपत. प्रत्येक सस्पेन्शन बोल्टवर टॉर्क लावून पिवळी रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, पाना न लावता कळतं.

९ मार्च २०२४

कोइमतूर. करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा ट्रॅक. पुण्याहून बाराशेच्या आसपास किलोमीटर, आयशरमधून. भाडं ऐकून घरी कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. ट्रॅक भाड्यानं घेणाऱ्या गटानं आधी तपासणी केली. बेल्ट, किल स्विच, अग्निशामक, रोल बार. रोल बारच्या जाडीचा कागद मागितला, होता.

ज्यांच्या नावाचा हा ट्रॅक आहे त्या करीवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुतीच्या सिंगल-सीटर बांधल्या होत्या. देशातले कितीतरी ड्रायव्हर त्यांत शिकले. घरगुती सामानातून हलकी गाडी करायची कल्पना आपल्याकडे नवी नाही, हे पिटमध्ये उभं राहून बरं वाटलं.

चालवायला कशी? सरळ रस्त्यावर काही विशेष नाही. मोठ्या इंजिनच्या सेदान मागून येतात आणि निघून जातात. वळण आलं की त्या परत भेटतात. ब्रेक त्यांच्या बऱ्याच नंतर मारता येतो आणि टायर अगदी साधे असूनही तापत नाहीत, कारण त्यांच्यावर ओझंच नाही. दुपारी तीनला बाकीच्यांचे ब्रेक वास मारत होते, आमचे पॅड नव्यासारखे. स्टीअरिंगला पॉवर नाही आणि लागतही नाही. रस्त्याचा प्रत्येक डाग हातात कळतो. वारा मात्र तोंडावर असा येतो की हेल्मेटची काच उघडी ठेवली तर डोळे उघडत नाहीत.

लांब वळणात ऑइलचा दिवा लुकलुकला. व्हॅनचा संप, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, अशा वळणांसाठी केलेलाच नाही. तेल एका बाजूला चढतं आणि पिकअप (तेल ओढणारी नळी) क्षणभर हवा ओढतो. लगेच वेग कमी केला, उरलेला दिवस त्या वळणात सबुरीनं. तेल वरच्या खुणेच्या किंचित वर भरलं की लुकलुक थांबते, पण हा इलाज नव्हे.

२१ जुलै २०२४

पावसात गाडी ताडपत्रीखाली. तीही काही कमी कटकट नाही. दर पंधरवड्याला इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं, बॅटरी काढून घरी, ड्रम अडकू नयेत म्हणून हँडब्रेक सैल, टायरवर भार एकाच जागी नको म्हणून गाडी हातभर पुढे-मागे. दोन माणसं ती हातानं सहज ढकलतात. विमा नाही, नंबर नाही, विकायला काढली तर विकत घेणारा आमच्यासारखाच हवा.

पिवळ्या रेघा तपासल्या. पॅनहार्ड रॉडच्या एका बोल्टची रेघ तुटलेली. तो साधा नट होता, नायलॉक लावला. मागच्या ॲक्सलला आडवं धरणारा तो एकच दांडा, त्याच्याशी खेळ नको.

संप उतरवला. आत बॅफल करायचं ठरलं आहे: पिकअपभोवती पत्र्याची पेटी, तिला आत उघडणारी झडपी दारं, म्हणजे तेल आत येईल पण वळणात बाहेर जाणार नाही. वेल्डर काकांनी कागदावर आकृती काढून घेतली आणि पत्रा किती जाड, हे स्वतःहून विचारलं. १.६, म्हटलं. "१.२ पण चालेल," म्हणाले. "तेलच थोपवायचंय ना." १.२ चा आणला. बिजागऱ्यांच्या पिना शनिवारी लेथवाल्या दादांकडून. लिक्विड गॅस्केटची ट्यूब संपली आहे, आणायची.